डालड्याचा पत्रा आणि सोन्याची रेघ

गाडी गोठ्यात होती. एका अंगाला म्हैस, दुसऱ्या अंगाला कडबा आणि मधे युरियाची रिकामी पोती पांघरलेली 1971 सालची जावा. तिच्या हँडलला दावं बांधलं होतं आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला रेडकू. सतरा वर्षं झाली बंद पडून, मालक आबा म्हणाले. तेव्हापासून ती खुंटा म्हणून कामाला होती.

कागल तालुक्यातल्या त्या गावात मी दुधाच्या दराची बातमी करायला गेलो होतो. बातमी राहिली बाजूला. पोतं उचललं तर टाकीच्या बाजूचा क्रोम पोपडे धरून सुटलेला, गुडघ्याचं रबर एकाच बाजूला उरलेलं, स्पीडोमीटरच्या काचेआड कोळ्याचं जाळं. इंजिनाचं कव्हर मात्र शाबूत होतं, अंड्यासारखं गोल. दोन बाजूंना दोन सायलेन्सर, एकाचं शेपूट गायब.

आबांनी वीस हजार सांगितले. त्यांच्या मुलानं मागून डोळ्यांनी खुणावलं की न्या एकदाची. भंगारवाला किलोवर मागून गेला होता. मी कागदपत्रं विचारली. आबा आत गेले, पत्र्याची ट्रंक ओढल्याचा आवाज आला, आणि दहा मिनिटांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं नोंदणीचं पुस्तक घेऊन बाहेर आले. कापडी बांधणीचं, हाताने लिहिलेलं, पानांना जनावरांच्या औषधाचा वास. एमनं सुरू होणारा तीन अक्षरांचा जुना नंबर. पुस्तक पाहिल्यावर मी घासाघीस करायची विसरलो, पण मुलगा विसरला नव्हता. चौदा हजारांवर त्यानंच सौदा तोडला.

आम्ही चौघांनी गाडी टेम्पोत चढवली. आबा मोकळं दावं हातात धरून उभे होते.

"आता रेडकू कुठं बांधू?" ते म्हणाले.

०

मराठीत मोटारसायकलला फटफटी हा शब्द आवाजावरून आला. आज रस्त्यावरून जाणारी कुठलीच गाडी तसा आवाज काढत नाही, तरी शब्द टिकला आहे. आमच्या लहानपणी गावाकडं फटफटीच्या तीन जाती होत्या. बुलेट फौजदाराची किंवा कारखान्याच्या संचालकाची. राजदूत गवळ्याची आणि शेतकऱ्याची. जावा मास्तर, कंपाउंडर, तालमीतला नवा पैलवान आणि ज्याला आपण जरा वेगळे आहोत असं वाटायचं त्या प्रत्येकाची.

जावा मुळात चेक. फ्रांटिशेक यानेचेक या शस्त्रास्त्र कारखानदारानं 1929 मध्ये जर्मन वांडरर कंपनीच्या मोटारसायकलचे हक्क घेतले आणि यानेचेकच्या रोमन स्पेलिंगमधला 'जा', वांडररचा 'वा' जोडून नाव केलं. भारतात ती आधी आयात होऊन यायची. आयातीवर निर्बंध आले तेव्हा रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला आणि 1961 पासून गाडी इथंच बनू लागली. उद्घाटनाला म्हैसूरचे जयचामराजेंद्र वडियार होते. सत्तरीच्या दशकात टाकीवरचं नाव बदलून 'येझदी' झालं, इराणमधल्या याझ्द शहरावरून. पुढं रोडकिंग आली, मोनार्क आली. 1996 मध्ये कारखाना बंद झाला.

बंद का पडला, याचं उत्तर कोल्हापूरच्या कुठल्याही मेकॅनिकला तोंडपाठ आहे. 1984-85 च्या सुमारास इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स-100 अशा जपानी हाताच्या शंभर सीसी गाड्या आल्या. होंडा फोर-स्ट्रोक होती, एका लिटरात जावाच्या दुप्पट पळायची आणि तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नव्हतं. अडीचशे सीसीची, धूर सोडणारी, टाकी भरताना हिशेब मागणारी गाडी कोण घेणार? वर धुराचे नियम कडक होत गेले. 2018 मध्ये जावा हे नाव नव्या कंपनीकडून परत आलं, 2022 मध्ये येझदीही. त्या नव्या गाड्या चांगल्या आहेत. गोठ्यातल्या गाडीशी त्यांचं नातं आडनावापुरतं.

०

माझे मेकॅनिक कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका बोळात बसतात. वय सत्तरीच्या अलीकडे. सगळं उद्यमनगर त्यांना मामा म्हणतं, मीही. टेम्पोतून गाडी उतरल्यावर मी उत्साहानं पाण्याची नळी ओढली, तर त्यांनी नळ बंद केला.

"धुवायची न्हाई, सायेब. धुतली की कुठनं गळायली हुती ते कळत न्हाई."

मग ते स्टूल घेऊन तिच्या भोवती फिरले. सिलिंडरच्या बुडाशी मळीचा जाड थर होता, म्हणजे तिथलं गॅस्केट गेलेलं. क्लचच्या बाजूला कोरडं होतं. त्यांचं तोंड वाकडं झालं. "इथं तेल असायला पायजे. ते आत ग्येलंय. गाडी गिअर ऑइल प्यायलीय."

टू-स्ट्रोक इंजिनाला चार-स्ट्रोकसारखी ऑइलची वेगळी टाकी खाली नसते. कार्ब्युरेटरमधून आलेलं पेट्रोल आणि हवा आधी पिस्टनच्या खाली, क्रँक फिरतो त्या खोलीत जाते आणि तिथून बाजूच्या वाटांनी वर चढते. म्हणून ऑइल पेट्रोलातच मिसळायचं, लिटरला साधारण 40 मिलिलिटर. जाता जाता तेच क्रँकला, बेअरिंगला, पिस्टनला चोपडलं जातं. या खोलीला दोन्ही बाजूंनी रबरी ऑइल सील असतात. गिअरकडचं सील फाटलं की इंजिन तिकडचं तेल ओढून जाळतं आणि मागून पांढरा धूर सोडतं. दुसऱ्या बाजूचं फाटलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापून पिस्टन चिकटतो.

आमचा चिकटलेलाच होता, पण गंजानं. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून ठेवलं. रोज सकाळी मामा किक हातानं दाबून बघायचे. जावाची ही एक गंमत नव्या पोरांना दाखवण्यासारखी आहे. गिअरचा दांडा आणि किक एकच. दांडा आत दाबून मागं फिरवला की किक, गाडी सुरू झाली की तोच परत पुढं आणून गिअर. वर क्लच न दाबता गिअर टाकला तरी दांड्याच्या हालचालीनं क्लच आपोआप सुटतो. आठव्या दिवशी दांडा बोटभर खाली गेला आणि मामांनी चहा सांगितला.

खोलायला तीन आठवडे लागले. एकेक भाग काढायचा, मोबाइलवर फोटो घ्यायचा, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून वर चिठ्ठी लावायची. आमच्या घरी त्या हिवाळ्यात कारण नसताना पुष्कळ श्रीखंड खाल्लं गेलं. आणि जसजशी गाडी सुटत गेली तसतसे तिच्या आतून आधीच्या लोकांचे हात बाहेर येऊ लागले.

पेट्रोलची नळी म्हणून सलाइनची नळी, पिवळी पडून काचेसारखी कडक झालेली. कार्ब्युरेटरच्या सांध्यात सायकलच्या ट्यूबचं वेटोळं. पायदाण्याचा तुटलेला तुकडा पितळेनं डाग देऊन जोडलेला. सीटखालच्या फ्रेमला दोन्ही बाजूंना सळईच्या जाड कड्या वेल्ड केलेल्या. चेनकव्हरवर वाटीएवढा पोचा. आणि मागचं चाक ज्यावर वर-खाली होतं त्या स्विंग आर्मचा बुश झिजून ढिला झालेला, त्या फटीत गुंडाळून बसवलेला पातळ पत्रा. मामांनी तो चिमट्यानं ओढून काढला, रॉकेलमध्ये बुडवला, फडक्यानं पुसला. पिवळ्या रंगावर हिरवं नारळाचं झाड. डालड्याचा डबा.

मी हसलो. कुणी केला असेल हा उद्योग, म्हणालो.

मामा हसले नाहीत. "सायेब, हे ज्यानं केलंय त्याच्याकडं त्या दिवशी लेथ नव्हता. गाडी मातर हुती, आनि तिला जायचं हुतं. बगा की, पत्रा कसा कापलाय. कड कुठं वर आली न्हाई. पिनला चरा पडला न्हाई. आमच्यातल्या पोराला सांगा असं करायला."

त्यांनी तो पत्रा टाकला नाही. श्रीखंडाच्या एका डब्यात घातला आणि माझ्याकडं चिठ्ठीसाठी हात पुढं केला. काय लिहायचं ते मला सुचलं नाही. शेवटी 'डालडा' एवढंच लिहिलं.

०

जुनी गाडी उभी करायला कोल्हापूर बरं गाव आहे. या गावाचे हात यंत्रावर बसलेले आहेत. बाबूराव पेंटरांनी आपला सिनेकॅमेरा इथंच जुळवला. उसाचे चरक, पंप, ऑइल इंजिन यांच्या दुरुस्तीतून इथल्या भट्ट्या आणि लेथ वाढले आणि आज देशातल्या मोठ्या फाउंड्री केंद्रांत कोल्हापूरचं नाव घेतलं जातं. कुठल्या तरी बोळात कुणी तरी तुम्हाला हवा तो भाग ओतून, कापून, घासून देतोच.

पिस्टन काढला तर त्याच्या डोक्यावर 0.75 असा ठोकलेला आकडा होता. म्हणजे 65 मिलिमीटरचा मूळ सिलिंडर तीन पायऱ्यांनी पाऊण मिलिमीटर मोठा झालेला. प्रत्येक वेळी भिंतीला चरे पडले की पाव मिलिमीटर बोअर वाढवायचा आणि तेवढाच मोठा पिस्टन घालायचा. आता एक मिलिमीटरची शेवटची पायरी राहिली होती. त्यानंतर नवा स्लीव्ह. मामा म्हणाले, गाडीचं वय पुस्तकात बघायचं नसतं, पिस्टनवर बघायचं.

क्रँकचं काम मात्र मामा स्वतः करत नाहीत. दोन गल्ल्या पलीकडे एक कारागीर आहे, पन्नाशीचा, कमी बोलणारा. जावाचा क्रँक अखंड नसतो. दोन जाड चकत्या, मधे पिन, पिनवर रोलर बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड, हे सगळं प्रेसमध्ये घट्ट दाबून बसवलेलं. जुनी पिन दाबून काढायची, नवी घालायची, परत दाबायची. इथवर ताकदीचं काम. त्यानंतर दोन्ही बाजूंचे दांडे एका रेषेत आणायचे. केसाचा फरक राहिला तरी हजारो फेऱ्यांत तो बेअरिंग खाऊन टाकतो.

त्यानं क्रँक लेथच्या दोन टोकांमध्ये धरला, दांड्यावर डायल गेजची सुई टेकवली आणि हातानं हळू फिरवू लागला. सुई आठ घरं हलली. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. त्यानं खडूनं चकतीवर एक खूण केली, क्रँक लेथवरून काढला, डाव्या तळहातावर तोलला आणि तांब्याच्या हातोडीनं खुणेवर एक घाव घातला. माझ्या पोटात गोळा आला. एवढं नाजूक माप आणि त्यावर हातोडी! परत लेथवर. सुई पाच घरं. परत खूण, परत घाव. तीन घरं. मग उलटी सहा. त्याचा चेहरा बदलला नाही. लोखंड परत दाबून घ्यावं तसं त्यानं चकत्यांच्या मधे पाचर सरकवली, एक हलका ठोका दिला, परत लावला. पाऊण तासानं सुई दोन घरांत थांबली.

मी विचारलं, कुठं आणि किती जोरानं मारायचं हे कसं कळतं?

त्यानं खडू कानावर ठेवला. "हातोडी परत कशी येते त्यावरनं," म्हणाला. आणि पुढचा क्रँक उचलला.

त्याच लेथवर दुसऱ्या दिवशी स्विंग आर्मसाठी गनमेटलचे बुश कापले गेले. डालड्याच्या पत्र्यानं धरून ठेवलेली जागा आता मापानं भरली.

०

उरलेल्या सुट्या भागांसाठी पुणं गाठलं. नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं खांद्याला खांदा लावून आहेत. तिथं जावाचा भाग मागितला की दुकानदार आधी माणूस बघतो. नवखा वाटला तर डुप्लिकेट पुढं येतो. मग दोन-तीन अवघड प्रश्न विचारले की आतल्या खोलीतून, तपकिरी कागदात गुंडाळलेला, ग्रीस वाळून काळा झालेला म्हैसूरचा जुना माल निघतो. एका क्लच प्लेटच्या पुडक्यावरची छापील किंमत अकरा रुपये होती. मला ते साडेसातशेला पडलं. दुकानदार म्हणाला, "अकराला देतो, पण एकोणीसशे पंचाहत्तरला यायचं होतं."

रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार. ताडपत्रीवर नळ, कुलपं, ग्रामोफोनचे भोंगे, आणि त्यांत जावाच्या सायलेन्सरचं शेपूट, जे मी दोन महिने शोधत होतो. विकणाऱ्याला ते काय आहे ते माहीत नव्हतं. माझा चेहरा बघून माहीत झालं आणि शंभराचे सहाशे झाले.

टाकीचा गंज घालवायला मामांनी जुनी पद्धत सांगितली: नट, चेनचे तुकडे आणि डिझेल घालून तासभर हलवायची. मग लिंबूसत्त्वाचं गरम पाणी रात्रभर भरून ठेवायचं. माझ्या बायकोनं किराण्याच्या यादीत 'लिंबूसत्त्व, दोन किलो' वाचलं आणि काही विचारायचं सोडून दिलं.

वहीतल्या पहिल्या पानावर मी खर्चाचा अंदाज लिहिला होता, 30 हजार. शेवटच्या पानावर 81 हजार आहेत. स्वस्तात मिळालेली जुनी गाडी स्वस्त नसते, हे मला चार जणांनी आधी सांगितलं होतं. चौघांच्याही दारात जुनी गाडी आहे.

०

भांडण झालं ते कड्यांवरून.

माझा एक मित्र जुन्या गाड्यांच्या बाबतीत सोवळ्याचा आहे. नटाचं डोकं मूळ मापाचं नसेल तर त्याला रात्री झोप लागत नाही. त्याच्यासारख्यांनीच या गाड्या जगवल्या, हेही खरं. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिन असतो. गावोगावचे लोक गाड्या पुसून बाहेर काढतात, आणि कुठला भाग कुठं मिळतो याची देवाणघेवाण होते ती अशाच लोकांच्या जिवावर. तो फ्रेम बघायला आला आणि म्हणाला, "या कड्या आधी ग्राइंडरनं उडव. कंपनीनं लावलेल्या नाहीत."

त्याचं म्हणणं कायद्यालाही धरून होतं. केंद्र सरकारनं 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून 50 वर्षांहून जुन्या गाड्यांचा व्हिंटेज वर्ग केला. गाडी मूळ रूपात हवी, सांगाड्यात आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, मुदत दहा वर्षं. मान आहे, पण त्याबरोबर एक अटही आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. दुसरा रस्ता साध्या फेरनोंदणीचा. पाच-पाच वर्षांची मुदत, पर्यावरण कर, दर खेपेला तपासणी. मान काही नाही. मात्र गाडीवरून मंडईत जाऊन मेथी आणता येते.

मी रात्रभर दोन्हींचा हिशेब केला. पैशाचा फरक निर्णय घेण्याइतका नव्हता. प्रश्न असा होता की 1971 साली म्हैसूरहून निघालेली गाडी मला परत उभी करायची आहे, की गोठ्यातून आणलेली? म्हैसूरहून निघालेली गाडी एकच दिवस तशी होती. त्यानंतरची 37 वर्षं ती कुणाची तरी कामाची गाडी होती. मी साध्या नोंदणीचा अर्ज भरला आणि मामांना सांगितलं, कड्या ठेवायच्या.

"मग डालडा बी बसवू का परत?" मामा म्हणाले.

हा टोमणा वाजवी होता. जुनं ते सगळं राखायचं ठरवलं तर गंजही राखावा लागेल. आम्ही बोळातच उभं राहून कायदा केला. ज्यानं चालवणाऱ्याच्या जिवाला धोका आहे ते बदलायचं. जे निव्वळ कुरूप आहे ते आधी विचारल्याशिवाय काढायचं नाही. त्या कायद्यानं पत्रा गेला, सलाइनची नळी गेली, पितळेचा डाग दिलेला पायदाणा तपासून राहिला, कड्या राहिल्या. सहा व्होल्टची वायरिंगही सहाच व्होल्टची राहिली. हेडलाइट अंधारात काजव्यासारखा लागतो, पण रात्रीचा प्रवास टाळणं माझ्या हातात आहे. चेनकव्हरवरच्या पोच्याबद्दल कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. पोचा म्हणजे पोचा. डेंटरनं तो ठोकून काढला, वर लांबी भरली, घासून आरशासारखं केलं.

परिवहन कार्यालयात तीन खेपा झाल्या. एका खेपेला संगणकात जुना नंबर सापडेना, दुसऱ्या खेपेला सापडला पण गाडीचा रंग 'लागू नाही' होता. तिसऱ्या खेपेला निरीक्षकांनी चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली. रंगाच्या चार थरांखाली दडलेले आकडे पांढऱ्यावर एकेक उमटले. त्यांनी ते आबांच्या ट्रंकेतल्या पुस्तकाशी ताडून पाहिले आणि चष्मा कपाळावर नेला. "माझ्या जन्माच्या आधीची आहे," ते म्हणाले, आणि सही केली.

०

टाकीला मरून रंग चढला, बाजूला नवा क्रोम आला. त्यावर सोनेरी रेघ हवी होती. स्टिकर शंभर-दोनशेत मिळतो. मामांनी एका पेंटरांना निरोप धाडला. पूर्वी ते दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागचे मोर रंगवायचे. फ्लेक्स आल्यावर पाट्यांचं काम सुटलं. आता कुणी जुनी गाडी काढली तरच बोलावणं येतं.

ते सकाळी सातला आले. दुपारी हवेत धूळ असते म्हणून. ब्रश खिशातून काढला तर त्याचे केस बोटाहून लांब आणि दांडा करंगळीहून आखूड. रंग नखावर लावून पाहिला, टर्पेंटाइनचे दोन थेंब टाकले, परत पाहिला. टाकी स्टुलावर ठेवली. करंगळी टाकीच्या कडेला टेकवली, ती रुळासारखी कडेवरून सरकणार होती. मग एक श्वास घेतला आणि तो सोडलाच नाही. ब्रश पूर्ण आडवा पडला, केसांचं पोट टाकीला लागलं आणि हात, खांदा, कंबर असं सगळं शरीर एकत्र मागं सरकू लागलं. मामांच्या हातातला पाना तसाच राहिला. वळणावर ते मनगट न वळवता पायानं अर्धं पाऊल सरकले. जिथून सुरू केली तिथं रेघ येऊन मिळाली, सांधा दिसला नाही. मग त्यांनी श्वास सोडला.

मी जवळ जाऊन बघितलं. रेघ मशीनसारखी एकसारखी नव्हती. मधे एका ठिकाणी ती कणभर जाड होती. पेंटरांनी माझं बोट तिथं रेंगाळलेलं पाहिलं.

"तिथं खोकला आला हुता," ते म्हणाले. "आत दाबला."

०

गाडी सुरू झाली ती भाद्रपदात, चौथ्या किकला. पॉइंटची फट, प्लग, सहा व्होल्टची नवी बॅटरी, सगळं जागेवर. आधी निळा धूर, मग दोन्ही सायलेन्सरमधून तो पोकळ, अधूनमधून ठेका चुकवणारा आवाज. बोळातल्या चार लेथवाल्यांनी मशिनी बंद करून डोकी बाहेर काढली.

पहिल्या लांब फेरीला मी गारगोटीच्या रस्त्याला लागलो. पंचवीस किलोमीटरवर मांडीला गार लागलं. पेट्रोलची नवी रबरी नळी सांध्याशी फुगून चिरली होती. घाईत घेतलेली, साधी. आजच्या पेट्रोलात इथेनॉल असतं. 2025 मध्ये त्याचं प्रमाण 20 टक्क्यांवर गेलं, आणि जुन्या पद्धतीच्या रबराला ते मानवत नाही. त्यातलं काही इथेनॉल येतं उसापासून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोच ऊस उभा होता, माझ्याकडं बघत.

जवळच्या गावात गॅरेज बंद होतं. मेडिकल उघडं होतं. मी काउंटरवर उभा राहून दुकानदाराला काय मागितलं असेल ते वाचकांनी ओळखलं असेल. त्यानं पुडकं फाडून नळी दिली, ब्लेडही दिलं. मी हातभर तुकडा कापला, दोन्ही टोकं गरम चहाच्या ग्लासात बुडवून मऊ केली, सांध्यावर चढवली, वर तारेचे वेढे दिले. घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी मामांनी ती नळी पाहिली. वाकून पाहिली, तारेचे वेढे मोजले.

"आता तुमी बी बसलासा त्या पंगतीत," म्हणाले. त्यांनी इथेनॉलला टिकणारी नळी बसवली आणि माझी सलाइनची नळी श्रीखंडाच्या डब्यात टाकली. डालड्याच्या.

०

खंडेनवमीला उद्यमनगरात लेथ बंद असतात. पाने, हातोड्या, डायल गेज धुऊन पुसून पाटावर मांडलेले, त्यांना हळदकुंकू, मशिनींना झेंडूच्या माळा. जावालाही माळ घातली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन आबांच्या गावी गेलो.

आबा ओट्यावर होते. आवाज ऐकून आधीच उठले होते. मी वाट बघत होतो की ते टाकीवरची रेघ बघतील, क्रोमकडं बघतील. ते मागं गेले. सीटखाली हात घातला, कडी चाचपली.

"कडी ठेवलीसा व्हय."

मग बोलत राहिले. दोन कड्यांना दोन कॅन, रोज पहाटे डेअरी. एका पावसाळ्यात मागचं चाक डोलायला लागलं, गॅरेज कागलात आणि दूध तर घरात. दुधाला थांबा म्हणता येत नाही. घरात डालड्याचा डबा होता. "अडकित्त्यानं कापला. त्यापुढं अडकित्ता सुपारी कापंना. म्हातारी महिनाभर बोलली न्हाई माज्याशी." मी पत्रा खिशातून काढून दिला. त्यांनी तो उजेडात धरला, झाडावरून अंगठा फिरवला आणि परत माझ्याच हातात ठेवला.

निघताना आत गेले आणि झाकणाची ॲल्युमिनियमची किटली घेऊन आले. दोन लिटर, धारोष्ण. नको म्हणायच्या आत ती कडीला अडकवली.

रस्त्याला लागलो. पहिल्याच खड्ड्याला मागं ठण् झालं. परत खड्डा, परत ठण्. दुसऱ्या गिअरमध्ये हळू चाललो तरी किटली झोका घेऊन चेनकव्हरवर आपटतच होती. गावाबाहेर थांबून बघितलं. जिथं आम्ही पोचा ठोकून काढला होता, लांबी भरली होती, आरसा केला होता, नेमका तिथंच मरून रंगाचा टवका उडाला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा.

किटली काढून हातात धरली असती तर क्लच दाबता आला नसता. तशी जावाला गरज नाही. पण मी ती कडीलाच राहू दिली. दूध घरापर्यंत नीट आलं. टवक्याचं पेंटरांना अजून सांगितलेलं नाही.